काचेच्या कपाटातला वेग

‘चौदा वर्षांखालील मुलांसाठी नाही.’ ही सूचना एखाद्या औषधाच्या बाटलीवर किंवा फटाक्यांच्या खोक्यावर असती तर कुणाला काही वाटले नसते. पण ती छापलेली असते एका इवल्याशा मोटारीच्या खोक्यावर. आत असते जेमतेम दहा सेंटिमीटर लांबीची, लालचुटूक, तारांच्या आऱ्यांची चाके असलेली जग्वार ई-टाइप. खालून स्क्रूने काळ्या पट्टीवर घट्ट बसवलेली, वरून पारदर्शक झाकण. खेळण्याचे रूप घेतलेली, पण खेळायला सक्त मनाई असलेली ही वस्तू मोठी माणसे मोठ्या माणसांसाठी बनवतात आणि तिला काही हजार रुपये मोजणारे लोक आज मुंबई-पुण्यातच नव्हे, तर सांगली-नाशकातही भेटतात. हौसेला मोल नाही, हे आपण म्हणतोच. पण हौसेला वय असते का, आणि असलेच तर ते कुणी ठरवायचे, हा प्रश्न त्या खोक्यावरच्या ओळीने माझ्यापुढे नेहमी उभा राहतो.

त्या ओळीमागे कायद्याचेही कारण आहे. आपल्याकडे खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यात खेळणे म्हणजे काय, तर चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी बनवलेली वस्तू. इतर देशांचे नियमही याच वळणाचे. म्हणजे वस्तू खेळणे नाही असे ठरवायचे असेल, तर ती मुलांसाठी नाही असे म्हणावे लागते. त्याच २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरील आयात कर २० टक्क्यांवरून ६० टक्के झाला आणि २०२३ मध्ये तो ७० टक्क्यांवर नेण्यात आला. देशी कारखान्यांना बळ मिळावे हा त्यामागचा हेतू. पण परदेशातून एखादी फेरारी टपालाने मागवणाऱ्या हौशी माणसाला मधल्यामध्ये घाम फुटला. असो. करांविषयी बोलण्याचे हे ठिकाण नव्हे.

मी स्वतः या गाड्या जमवतो. घरात साठ-सत्तर असतील. त्यामुळे या छंदाची टिंगल करण्याचा अधिकार मला नाही आणि इच्छाही नाही. मात्र गेल्या काही वर्षांत या छंदात एक वेगळेच वारे शिरले आहे, आणि त्याविषयी घरातल्या सगळ्यांनीच, म्हणजे जमवणाऱ्यांनी आणि जमवणाऱ्यांना सोसणाऱ्यांनीही, थोडा विचार करावा असे वाटते. त्यासाठी आधी हे खेळणे आले कुठून, ते पाहू.

ते आले आगगाडीच्या मागून. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांचे मेकॅनो आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांना ठाऊक आहे. त्यांच्याच कंपनीच्या खेळण्यातल्या आगगाड्या होत्या. त्या गाड्यांच्या स्थानकांवर उभी करायला माणसे, हमाल, जनावरे हवीत म्हणून १९३१ साली छोट्या प्रतिकृती निघाल्या. मग स्थानकाबाहेर मोटारी नकोत का? १९३३ च्या डिसेंबरात सहा वाहनांचा संच आला. त्यात मालमोटार होती, ट्रॅक्टर होता, रणगाडाही होता. पण यादीत पहिल्या क्रमांकावर होती स्पोर्ट्स कार. पुढच्याच वर्षी या मालिकेला ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. त्या आगगाड्यांचे जे माप होते, त्याच्या जवळपासचे माप मोटारींना पडले आणि त्यातूनच पुढे एकास त्रेचाळीस हे प्रमाण रूढ झाले. आज जपानमध्ये बनलेली निस्सान असो की इटलीतली मासेराती, संग्राहकाच्या कपाटात ती खऱ्या गाडीच्या त्रेचाळीसाव्या भागाइतकी असते, कारण नव्वद वर्षांपूर्वी लिव्हरपूलच्या एका खेळण्यातल्या रुळांची रुंदी तशी होती. परंपरा म्हणतात ती अशीच कुठल्या तरी क्षुल्लक कारणाने सुरू होते आणि मग कुणाच्या बापाला मोडत नाही.

या प्रमाणाची एक गंमत सांगतो. घरात गणिताचा कंटाळा करणारे मूल असेल तर त्यालाही सांगून पाहा. खरी ई-टाइप साडेचार मीटरच्या किंचित आत. तिला त्रेचाळीसने भागले की साधारण साडेदहा सेंटिमीटर येतात. पण वजन त्या हिशेबाने कमी होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही त्रेचाळीस पटींनी आटल्यावर घनफळ आटते त्रेचाळीस गुणिले त्रेचाळीस गुणिले त्रेचाळीस, म्हणजे ७९,५०७ पटींनी. खरी गाडी सुमारे बाराशे किलोची. तेव्हा तिची ‘प्रामाणिक’ प्रतिकृती भरायला हवी जेमतेम पंधरा ग्रॅम. एवढ्या वजनाची गाडी तळहातावर ठेवली तर आपण तिला प्लॅस्टिकचा फुसका माल म्हणून परत देऊ! जस्ताच्या मिश्रधातूची गाडी याच्या कितीतरी पट जड असते, आणि हातात घेतल्यावर जो दिलासा मिळतो तो या खोट्या वजनाचाच. रंगाचेही तेच. खऱ्या मोटारीवरचा रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका धरला, तर मॉडेलवर तो मिलिमीटरच्या चारशेतिसाव्या भागाइतका पातळ हवा. तसा कुणी देऊ शकत नाही. म्हणूनच स्वस्त मॉडेलच्या दाराच्या फटी रंगाने बुजलेल्या दिसतात आणि चंदेरी रंगातली चमकी अभ्रकाच्या तुकड्यांएवढी भासते. चांगला कारागीर मग खरे माप सोडून डोळ्याला खरे वाटेल ते माप धरतो. फट थोडी रुंद, चाक थोडे आत, काच थोडी पातळ. मूर्तिकाराला हे नवीन नाही. उंच मखरात बसायच्या मूर्तीचा चेहरा तो जमिनीवरून पाहणाऱ्याच्या हिशेबाने घडवतो.

डिंकीनंतर दोन नावे आली. लंडनच्या ‘लेस्नी’ कंपनीच्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेचा म्हणे नियम होता, की काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे वर्गात आणायचे. ओडेल यांनी तिच्यासाठी काड्यापेटीत मावणारा रोड रोलर बनवला, आणि त्यातून १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ जन्माला आली. शाळेच्या शिस्तीतून निघालेले एवढे मोठे खेळणे दुसरे नसेल. दुसरे नाव ‘कॉर्गी’. वेल्समधल्या स्वान्सी इथल्या कारखान्यातून १९५६ पासून या गाड्या निघाल्या आणि त्यांच्या जाहिरातीचा भर एकाच गोष्टीवर होता: आमच्या गाड्यांना काचा आहेत. तोवर खिडक्या म्हणजे नुसती भोके असायची.

या कॉर्गीने १९६५ च्या ऑक्टोबरात एक गाडी काढली. तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या छंदातले जे काही भले-बुरे आहे ते सगळे तिच्यात एकवटले आहे. आदल्याच वर्षी जेम्स बाँडचा ‘गोल्डफिंगर’ आला होता आणि त्यातल्या अ‍ॅस्टन मार्टिन डीबी-५ ने जगभरच्या पोरांना वेड लावले होते. कॉर्गीने आपल्याकडच्या जुन्या अ‍ॅस्टन मार्टिनच्या साच्यातच फेरफार केले. एक कळ दाबली की पुढून मशीनगनच्या नळ्या बाहेर. धुराड्याची नळी दाबली की मागे गोळ्या अडवणारी ढाल वर. आणि तिसरी कळ दाबली की छप्पर उघडून शेजारी बसलेला खलपुरुष आसनासकट उडून बाहेर! चित्रपटातली गाडी चंदेरी होती. पण चंदेरी रंग दिला तर बिनरंगाचा धातूच वाटतो, म्हणून ही सोनेरी केली. त्या वर्षीच्या नाताळात इंग्लंडमधल्या दुकानांबाहेर रांगा लागल्या आणि पुढच्या काही वर्षांत ती लाखांच्या हिशेबात खपली.

आता गंमत पाहा. गाड्या लाखांनी खपल्या, पण आज बाजारात त्यातल्या धड किती? गाडी असते, तो उडणारा माणूस नसतो. तो पहिल्याच दिवशी कोचाखाली गेला किंवा झाडूच्या फटकाऱ्यासरशी केराच्या टोपलीत. हे होणार हे कंपनीलाही कळत होते; खोक्यात गुप्त सूचनांच्या पाकिटाबरोबर एक जादा माणूस ठेवलेला असे. तोही गेला. आज त्या नखाएवढ्या माणसाच्या नकला करून विकण्याचा एक जोडधंदाच उभा राहिला आहे, आणि मूळचा माणूस, मूळचे पाकीट, मूळचे खोके असे सगळे जिथल्या तिथे असेल तर गाडीची किंमत कितीतरी पटींनी वाढते. याचा सरळ अर्थ असा, की ज्या मुलाने ते खेळणे उघडून मनसोक्त उडवले त्याची गाडी आज कवडीमोल, आणि ज्याच्या आईने ‘नंतर देईन’ म्हणून फळीवर ठेवून दिले त्याची गाडी मोलाची. बाजाराचे हे गणित मला समजते. पटत मात्र नाही.

पण मग स्पोर्ट्स कारच का? मालमोटारी, बसगाड्या, टॅक्सी जमवणारेही आहेत, मीही जमवतो. तरी कपाटातली मधली फळी जुन्या शर्यतींच्या गाड्यांचीच असते. त्याचे उत्तर माझ्या मते त्यांच्या अंगावरच्या आकड्यांत आहे. माझ्याकडे एक चंदेरी मर्सिडीज ३०० एसएलआर आहे, तिच्या नाकावर लाल अक्षरांत ७२२ लिहिलेले. पाहुणे विचारतात, हा काय गाडीचा नंबर? तर नाही. १९५५ सालच्या १ मे रोजी इटलीतल्या ब्रेशिया गावातून सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी ती सुटली, ती वेळ तिच्या अंगावर लिहिली. ‘मिल्ले मिलिया’ ही हजार मैलांची शर्यत ब्रेशियाहून रोमला जाऊन परत यायची. गावांमधून, बाजारपेठांमधून, लोक दुतर्फा उभे असताना. सुकाणूवर स्टर्लिंग मॉस, वय २५. शेजारी डेनिस जेन्किन्सन नावाचा दाढीवाला पत्रकार. त्याच्या मांडीवर एका डबीत कागदाची लांबलचक गुंडाळी. तीवर वाटेतले प्रत्येक वळण, प्रत्येक चढ आधी फिरून टिपून ठेवलेला. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येणे शक्य नव्हते, म्हणून तो हाताच्या खुणा करायचा आणि मॉस डोंगराच्या कडेपलीकडचे वळण न बघता त्या खुणेच्या भरवशावर गाडी तशीच सोडायचा. १० तास, ७ मिनिटे, ४८ सेकंद. सरासरी वेग ताशी १५७ किलोमीटरच्या वर. तो विक्रम नंतर कुणी मोडला नाही, कारण १९५७ साली अपघातात प्रेक्षक मेल्यानंतर ती शर्यत त्या रूपात बंदच झाली.

एका माणसाच्या हातावर दुसऱ्याने दहा तास एवढा विश्वास टाकला, ही गोष्ट त्या तीन आकड्यांत मावली आहे. माझ्या भाच्याला मी ती सांगितली तेव्हा तो बराच वेळ त्या गाडीतल्या डाव्या-उजव्या बैठका बघत राहिला. मग म्हणाला, “मामा, यातला खुणा करणारा कुठाय?” मॉडेलमध्ये माणसे नसतात. गाडी असते, शर्यत असते, माणसे आपण घालायची.

आणि मॉडेलमध्ये आणखीही काही नसते. ब्रेशियाच्या त्या विजयानंतर सहा आठवड्यांनी, ११ जून १९५५ रोजी, याच जातीची दुसरी ३०० एसएलआर फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत दुसऱ्या गाडीवर आदळून प्रेक्षकांत शिरली. ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्या वर्षाअखेर मर्सिडीजने शर्यतींतून अंग काढून घेतले, ते कित्येक वर्षांसाठी. काचेच्या कपाटात हा इतिहास दिसत नाही. तिथे रबराचा वास नसतो, तेलाचा डाग नसतो, किंकाळी नसते. दुरून डोंगर साजरे, तसे लहान करून पाहिले की सगळेच साजरे. म्हणून मला वाटते, की ज्याला मॉडेल घ्यायचे त्याने त्या गाडीची गोष्टही घ्यावी, पुरती घ्यावी. नुसते लाल-पिवळे रंग घेऊन उपयोग नाही.

खऱ्या गाड्यांचे भाव ऐकले तर छोट्या गाड्यांचे महत्त्व कळते. फेरारीची २५० जीटीओ १९६२ ते ६४ या काळात अवघ्या ३६ बनल्या. त्यांतली एक २०१८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. ७२२ च्या घराण्यातलीच, पण छप्पर असलेली एक मर्सिडीज, जिच्या जगात दोनच प्रती आहेत, ती २०२२ च्या मे महिन्यात साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. रुपयांत अकराशे कोटींच्या आसपास. म्हणजे ही वाहने आता रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेलाही पडायची नाहीत. ती धनवंतांच्या वातानुकूलित गुदामांत जाऊन बसली. पण १९७६ पासून इटलीतली ‘बुरागो’ कंपनी मोठ्या आकाराच्या, दारे-बॉनेट उघडणाऱ्या गाड्या साध्या नोकरदाराला परवडतील अशा भावात विकू लागली आणि जी गाडी ३६ जणांकडे होती ती हजारो घरांच्या शोकेसमध्ये आली. ती कंपनी २००५ मध्ये बंद पडली; नाव हाँगकाँगच्या मालकांकडे गेले. तिच्या गाड्यांत बारकावे फारसे नसत. पुढे जर्मनीच्या ‘सीएमसी’ने एकेका गाडीत हजाराहून अधिक सुटे भाग, चामड्याचे खरे पट्टे, हाताने गुंफलेल्या आऱ्या अशी कारागिरी करून दाखवली. ती मी पाहिली आहे, आणि ती पाहून गप्प व्हायला होते. तरीही बुरागोचे ऋण मला मोठे वाटते. अलंकार घडवणारा सोनार थोर खरा, पण घरोघरी पितळेची भांडी पोचवणारा तांबटही कमी नसतो.

आपल्याकडे ही गाडी आली ती आखातातल्या मामाच्या बॅगेतून, हे नव्वदच्या दशकात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. दुबई-मस्कतहून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेत अत्तराची बाटली, टँगचा डबा आणि मुलांसाठी एक-एक मॅचबॉक्स. ती मग दिवाळीच्या किल्ल्यात उतरायची. शिवाजीमहाराज सिंहासनावर, बुरुजावर मावळे, हळिवाची हिरवळ, आणि पायथ्याच्या रस्त्यावर एक निळी पोर्शे. इतिहासाच्या मास्तरांना हे खटकायचे. पण किल्ल्याला रस्ता असेल तर रस्त्यावर गाडी हवीच, एवढे साधे तर्कशास्त्र त्या वयात पुरत असे, आणि मुलींच्या भातुकलीतही घरापुढे मोटार उभी असायचीच.

त्याआधीची एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने, लिव्हरपूलला नको झालेले साचे कलकत्त्याला आले. त्यांतून ‘निकी’ या नावाने गाड्या निघू लागल्या. त्यांत जग्वार डी-टाइप होती, एमजीबी होती, म्हणजे अस्सल स्पोर्ट्स कार. आयातबंदीच्या त्या दिवसांत भारतीय मुलाच्या हाती परदेशी घाटाची मोटार पडण्याची ही एक दुर्मीळ वाट होती. साचे थकलेले, रंग जाड, कडा ओबडधोबड. मूळ डिंकीशेजारी ठेवली तर निकी गावाकडून आलेल्या चुलतभावासारखी दिसते. पण आज परदेशातले संग्राहक तिला शोधत असतात, कारण ती फार उरली नाही. उरणार कशी? आपल्या मुलांनी ती खेळून खेळून संपवली. चाळीच्या गॅलरीत, अंगणातल्या चिखलात, जिन्याच्या कठड्यावरून. मला तरी यात हळहळण्यासारखे काही दिसत नाही. जिच्यासाठी ती बनली तेच तिचे झाले.

आता आजच्या वाऱ्याविषयी. दीड-दोनशे रुपयांच्या छोट्या हॉट व्हील्स गाड्या आता महाराष्ट्रातल्या मोठ्या दुकानांतून सहज दिसतात, निदान दिसायला हव्यात. ही मालिका अमेरिकेत १९६८ साली निघाली आणि १९९५ पासून कंपनी ठराविक गाड्यांच्या मोजक्याच प्रती काढून त्या नेहमीच्या मालात मिसळून देते. कल्पना अशी, की दुकानात सहज गेलेल्या एखाद्या मुलाला अवचित घबाड सापडावे. प्रत्यक्षात होते काय? माल येण्याचा दिवस ठाऊक असलेली मोठी माणसे दुकान उघडताच आत शिरतात, खोक्यांतून चाळून चांगल्या गाड्या काढतात आणि संध्याकाळपर्यंत त्याच गाड्या पाच-दहा पट भावाने विकायला ठेवतात. एका दुकानात मी पाहिले, सहा-सात वर्षांची एक मुलगी मोकळ्या खुंट्यांकडे बघत उभी होती आणि तिच्या शेजारी तीस-पस्तिशीचा गृहस्थ हातातल्या टोपलीत वीस-बावीस पाकिटे रचत होता. ती म्हणाली, “काका, एक पिवळी द्याल?” त्याने दिली, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे. पण ती उलटून पाहिली, तीत काही विशेष नाही याची खात्री केली आणि मगच दिली.

या गृहस्थाला गाडी आवडते का? मला शंका आहे. ती पाकिटातून बाहेरच येणार नसते. तिचे दार उघडते का, तिचे इंजिन कुठे आहे, ती कुठल्या शर्यतीत धावली, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. पाकिटाचा कोपरा दुमडलेला नाही ना, एवढेच तो पाहतो. हे शेअर बाजाराचे वागणे आहे आणि शेअर बाजारात ते चालते. तिथे कुणाचे बालपण खुंटीवर टांगलेले नसते. दुकानदारांनी एका माणसाला दोन किंवा तीनच गाड्या द्याव्यात, असा साधा नियम काही ठिकाणी आहे. तो सगळीकडे व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने कुणाचे दिवाळे निघणार नाही.

आणि ‘पंचवीस वर्षांनी किती येतील’ हा हिशेब करणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. या गाड्या अमर नाहीत. चारशे अंशांच्या आसपास वितळवलेले जस्त दाबाने पोलादी साच्यात भरून त्या बनतात. त्या जस्तात शिशाचा अगदी थोडा अंश मिसळला गेला, तरी धातूला आतून कीड लागते. इंग्रजीतही तिला कीडच म्हणतात. आधी पृष्ठभागावर केसाएवढ्या भेगा, मग अंग फुगते, चाकांचे आस वाकतात, आणि एक दिवस टपावर बोट ठेवताच बिस्किटासारखा चुरा. युद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी अशा गेल्या. गंमत म्हणजे १९३३ चा तो अगदी पहिला संच शिशाचा असल्यामुळे त्याला ही कीड लागत नाही. आधुनिक कारखाने शुद्ध धातू वापरतात खरे, पण काही वर्षांपूर्वी चांगल्या नावाच्या कंपनीची एक गाडी माझ्या एका मित्राने पाच वर्षांनी सीलबंद खोक्यातून काढली, तर दारे बिजागरीपाशी तडकलेली होती. दमटपणाने हे वेगाने होते, आणि आपला कोकणपट्टीचा पावसाळा तर ठाऊकच आहे. याला औषध नाही. खोके, पावती, सील, सगळे जिथल्या तिथे, आणि आत भुगा!

रबरी चाकांचेही तसेच. त्यांतले तेल पाझरून खालच्या प्लॅस्टिकला चिकटते आणि चाक पट्टीत रुतून बसते. उन्हात लाल रंग विटतो. आणि आपल्या घरांत प्रत्येक कपाटात डांबराच्या गोळ्या टाकण्याची जी सवय आहे ती इथे घातक. त्या वाफेने काही जातींचे प्लॅस्टिक मऊ पडते. गोळ्या साड्यांना ठेवा, गाड्यांना नकोत. त्यापेक्षा गाड्या अधूनमधून बाहेर काढाव्यात, मऊ ब्रशने पुसाव्यात, चाके फिरवावीत. थोडक्यात, त्यांना हाताळावे. म्हणजे जे मूल आपण होऊन करते, तेच.

माझ्या घरी खालची फळी उघडी आहे. तिथल्या गाड्या ज्याला हव्या त्याने घ्याव्यात. त्यांचे आरसे तुटले आहेत, दोघींची दारे गेली आहेत. वरच्या दोन फळ्या मोठ्यांच्या देखत उघडायच्या. ७२२ वरच्या फळीवर आहे, आणि भाचा आता तिला दोन्ही हातांनी धरायला शिकला आहे. ज्यांच्या घरी असा संग्रह आहे त्यांनी आणखी एक करावे: कोणती गाडी कुठून घेतली, तिची गोष्ट काय, हे साध्या वहीत लिहून ठेवावे. संग्राहक गेल्यानंतर त्याच्या गाड्या रद्दीवाल्याच्या तराजूत किंवा एखाद्या चतुर व्यापाऱ्याच्या घशात एकरकमी जाताना मी दोनदा पाहिल्या आहेत. घरच्यांचा त्यात दोष नव्हता. त्यांना कुणी कधी काही सांगितलेच नव्हते.

आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा जुना पत्र्याचा डबा खाली आलाच, तर त्यातल्या गाड्या उलट्या करून पाहा. तळाच्या पट्टीवर ‘निकी’ असे इंग्रजीत लिहिलेले दिसले तर तिला रॉकेलने घासू नका, नवा रंग तर मुळीच देऊ नका. उडालेला रंग तसाच राहू द्या. तो कुणी उडवला, हे घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा. बहुधा आठवत असेल.